युद्धानंतर परक्या पैशावर उभं केलेलं चॅनेल का टिकत नाही?

विश्रामबाग_सांगली: एमएचा पेपर आहे म्हणून बॉस्नियाबद्दल वाचतेय. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन करारानंतर, तो राबवायला नेमलेले आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी कार्ल बिल्ट यांच्या पुढाकाराने पाश्चात्त्य देशांनी तिथे ओबीएन नावाचं टीव्ही नेटवर्क काढलं. १९९६च्या निवडणुकीच्या तोंडावर ते सुरू झालं. युद्धात एकमेकांशी लढलेल्या सर्ब, क्रोएट, बॉस्नियाक सगळ्यांनी एकच बातमी बघावी हा हेतू. कोट्यवधी डॉलर ओतले, आणि देणाऱ्यांनी हात आखडता घेतल्यावर ते खाजगी हातात गेलं. हेतू चांगला, पैसा भरपूर, मग अडलं कुठे?

मिरजेचा_तंबोरा: परका पैसा म्हणजे परका अजेंडा. विषय संपला.

खतावणी: इतक्या लवकर नाही संपत, तंबोरेवाले. मी माण तालुक्यात एका संस्थेचे हिशेब १४ वर्षं लिहिले, त्यातलं सांगतो.

दुष्काळात आम्ही महिन्याला चार पानी पत्रक काढायचो. पैसा बाहेरचा, मुदत तीन वर्षं. पहिल्या पानावर देणाऱ्यांच्या आवडीचे लेख. चौथ्या पानावर कोपऱ्यात टँकरचं वेळापत्रक, कुठल्या वाडीला कुठल्या वारी. अहवालाच्या फॉर्मात ‘वाचकांपैकी महिला किती’ असा रकाना होता. टँकर खरंच आला का, हे कुणीच विचारलं नाही. मुदत संपली, छापखान्याची उधारी माझ्या डोक्यावर. तेव्हा बचत गटाच्या बाया आल्या नि म्हणाल्या, भाऊ, ते शेवटचं पान तेवढं चालू ठेवा, आम्ही पाच-पाच रुपये काढतो. पहिली तीन पानं कुणी मागितली नाहीत. आमचे साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच बायांना शिकवून पाठवलं.

पोरी, ओबीएनचं तेच झालं असं माझं मत. लोकांकडे आपापल्या पक्षांची चॅनेलं आधीच होती. हे देणाऱ्यांना हवं म्हणून निघालं. त्यात युद्धानं बाजार बसलेला, जाहिराती कोण देणार? उलट काँगोतलं रेडिओ ओकापी बघ. २००२ साली संयुक्त राष्ट्रांनी स्विस संस्थेला घेऊन काढलं, फ्रेंचसोबत लिंगाला, स्वाहिली, किकोंगो, चिलुबातही बातम्या. पैसा तिथेही बाहेरचाच, पण भाषा ऐकणाऱ्याची.

विश्रामबाग_सांगली: काका, आपल्याकडे एखाद्या साप्ताहिकाला असा पैसा घेता येतो?

खतावणी: नाही. एफसीआरए २०१० म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याच्या कलम ३मध्ये ज्यांना असा पैसा घ्यायला बंदी आहे, त्यांत वर्तमानपत्राचे संपादक, मालक, स्तंभलेखक, व्यंगचित्रकारसुद्धा येतात. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या सेवाभावी संस्थेला घेता येतो. पण २०२०पासून तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरवायचा, त्यातून करायच्या कचेरीखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद. छोट्या संस्थांचं कंबरडं या शेवटच्या अटीनं मोडलं.

मिरजेचा_तंबोरा: मग मी काय वेगळं म्हणत होतो? जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने मदत थांबवली, तर युक्रेनमधल्या संपादकांना पगाराची पंचाईत झाली. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी!

खतावणी: पंचाईत झाली खरी. पण लढाई चालू असताना, दुकानं बंद असताना त्यांनी ओंजळ कुणाची धरायची होती, तेवढं सांगा. आमच्या बायांचे पाच रुपये निघाले, कारण त्यांच्या घरावर बॉम्ब पडत नव्हते.

विश्रामबाग_सांगली: काका, ते पत्रक बघायला मिळेल?

खतावणी: एकच अंक उरलाय, तोही पहिलं पान नसलेला. बायकोनं डब्याखाली अंथरलं असणार. दहिवडीला आलीस तर दाखवतो.