मदत हवी: लॉकडाऊनमधला गुन्हा पासपोर्टला आडवा आला

संत्राबर्फी:
पोलीस व्हेरिफिकेशन अडलं. ठाण्यात म्हणे, ‘तुमच्यावर २०२१चा गुन्हा आहे.’ अरे, ५०० रुपये भरले होते! बाबांचं औषध आणायला निघालो होतो, दरोडा घालायला नाही. पुढच्या महिन्यात जायचंय. काय करू, लवकर सांगा.

वकिलीकट्टा:
कलम कोणतं? नुसता दंड की एफआयआर? दोषारोपपत्र कोर्टात गेलं का?

तर्रीपोहा:
काही नाही होत भाऊ. सरकारनं २०२२ मध्येच लॉकडाऊनचे गुन्हे मागे घेतले. बिनधास्त राह्य.

वकिलीकट्टा:
मागे घ्यायचं ठरवलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली सरकारी वकिलाचा अर्ज लागतो, कोर्टाची संमती लागते. शिवाय सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचे गुन्हे त्यात नाहीत. दादा, आधी कलम सांगा.

फुटाळाकिनारा:
नवीन कायद्यात सरकारी हुकूम मोडल्याचं कलम २२३ आहे, ते पाहा.

वकिलीकट्टा:
भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून. यांचं प्रकरण २०२१चं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं १८८च.

संत्राबर्फी:
१८८च असेल. मार्चमधलं नागपूरचं १५ ते २१ वालं लॉकडाऊन. सीताबर्डीला अडवलं. पावती आता सापडत नाही.

जुनामहाल:
खरा प्रश्न कायद्याचा आहे. साथरोग कायदा १८९७चा, इंग्रजांनी प्लेगमध्ये केलेला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या लोकांनी घरांची झडती घेतली, चाफेकरांनी त्याला गोळी घातली. तोच कायदा २०२० मध्ये आपल्यावर! एप्रिल २०२० मध्ये आपल्या नागपूरच्या सतरंजीपुऱ्यातून शेकडो लोकांना उचलून विलगीकरणात नेलं, कोणाला विचारलं?

तर्रीपोहा:
विचारत बसले असते तर अख्ख्या गल्लीला कोरोना झाला असता बाप्पा. एप्रिल २०२१ मध्ये काकासाठी ऑक्सिजन शोधत फिरलो मी. तेव्हा हक्क कुठं होते?

जुनामहाल:
काकांसाठी वाईट वाटतं, पण ऑक्सिजन नव्हता म्हणून औषध आणणाऱ्यावर गुन्हा? बंधन हवं, पण ते साथीला पुरेल एवढंच हवं.

लिंबूटिंबू:
सुप्रीम कोर्टानं २ मे २०२२ ला सांगितलं की लस कोणावर जबरदस्तीनं देता येत नाही.

तर्रीपोहा:
लसीचं काऊन आणलं आता? दादाला पासपोर्ट पाहिजे!

वकिलीकट्टा:
कामाचं ऐका. कोर्टाला १८८ ची दखल घ्यायला हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते, त्याच प्रक्रिया संहितेचं कलम १९५ पाहा. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, म्हणून दखलीची मुदत एक वर्ष. एफआयआर नुसता पडून असेल तर ‘कोर्टात प्रकरण प्रलंबित’ म्हणता येत नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव शोधा, एफआयआरची प्रत काढा, वकिलाला दाखवा. आणि अर्जात काही लपवू नका.

संत्राबर्फी:
प्रत काढली. १८८, २६९... खाली १८६ पण आहे. हे काय?

वकिलीकट्टा:
२६९ म्हणजे निष्काळजीपणानं रोग पसरवण्याचा धोका, १८६ म्हणजे सरकारी कामात अडथळा. त्या दिवशी नक्की काय झालं होतं?

संत्राबर्फी:
काही नाही जी. हवालदारानं गाडीची चावी काढली. मी हात धरला, एवढंच.

तर्रीपोहा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना बे!