ब्रायन ऑर्सर: स्वतःचं सुवर्ण हुकलं, शिष्यांना कसं मिळालं?

पल्लवी_म: कोरियाच्या युना किमचा व्हँकुव्हर २०१० ऑलिंपिकमधला फिगर स्केटिंगचा कार्यक्रम परत बघितला. लक्ष मात्र कठड्यापाशी उभ्या तिच्या कोचकडे, कॅनडाच्या ऑर्सरकडेच जात होतं. ती उडी घेते की हा गृहस्थही जागच्या जागी उडी मारतो! स्वतः १९८७ चा जगज्जेता, पण ऑलिंपिकमध्ये दोन्ही वेळा रौप्य. मग कोच म्हणून एवढा यशस्वी कसा? सुवर्ण हुकल्याची खुमखुमी, की आणखी काही?

खडूस_काका: युनासारखी मुलगी हाती लागली की कोच आपोआप मोठा होतो. उगाच देव्हाऱ्यात बसवू नका.

रिंककाठ: काका, एकटी युना असती तर मान्य केलं असतं. पण जपानच्या युझुरू हान्यूची २०१४ आणि २०१८ ची ऑलिंपिक सुवर्णं? हावियर फर्नांडेझची २०१५, २०१६ ची जगज्जेतेपदं? स्पेनमध्ये या खेळाची परंपरा ती केवढी!

पल्लवी, खुमखुमीचं मला फारसं पटत नाही. १९८४ ला सारायेवो ऑलिंपिकमध्ये शॉर्ट आणि फ्री (संगीतावरचे छोटा आणि मोठा कार्यक्रम) दोन्ही त्यानेच जिंकले. घात केला कंपल्सरी फिगर्सनी. बर्फावर ठरलेली वर्तुळं गिरवायची आणि पंच वाकून रेषा तपासणार. त्यात हा सातवा, आणि तेव्हा त्या भागाला ३० टक्के वजन. अमेरिकेच्या स्कॉट हॅमिल्टनने तिथेच बाजी मारली. १९८८ ला घरच्या कॅल्गरीत उद्घाटनाला देशाचा झेंडा याच्याच हातात, आणि अमेरिकेच्या ब्रायन बोइटानोपुढे हार पाच विरुद्ध चार पंचांनी. दुसरा ट्रिपल अ‍ॅक्सल (हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी) त्याने ऐनवेळी डबल केला, म्हणजे एक फेरी कमी. 'मिस्टर ट्रिपल अ‍ॅक्सल' म्हणायचे त्याला, बघा.

माझ्या मते खरी गोम टोरोंटोच्या क्रिकेट क्लबमधल्या सरावात आहे. त्याची जोडीदार कोच ट्रेसी विल्सन (कॅल्गरीलाच आइस डान्सचं कांस्य) सगळ्यांना घोळक्यात घेऊन नुसतं स्ट्रोकिंग, म्हणजे पायाने रेटत वेग घेणं, घोटून घेते. गुडघा वाकव, एजवर (पात्याच्या कडेवर) झुक, रेट. जगज्जेतेही त्या घोळक्यात. अ‍ॅक्सलला पुढे तोंड करून झेप घेतात, ट्रिपलला त्या साडेतीन फेऱ्या. अंगात वेगच नसेल तर नुसत्या ताकदीवर किती दिवस काढणार?

पल्लवी_म: आणि दोन शिष्य एकमेकांसमोर आले की?

रिंककाठ: जॅकेट बदलायचं! ज्या देशाचा शिष्य बर्फावर, त्या देशाचं जॅकेट अंगात. २०१८ ला प्योंगचांगला तर हान्यू, फर्नांडेझ आणि कोरियाचा चा जुन-ह्वान, तिघेही याचेच. २०१४ ला सोचीत जास्त अवघड गेलं असणार. हान्यूला सुवर्ण, आणि फर्नांडेझचं कांस्य दीड गुणाहूनही कमी फरकाने गेलं. एकाच रात्री एकाचं अभिनंदन, दुसऱ्याची समजूत.

खडूस_काका: जॅकेटचं मानलं. पण सुवर्णानंतर सहा महिन्यांत युना सोडून गेली, तेही लिहा की.

रिंककाठ: गेली, आणि दोन्हीकडून जाहीर बोलाचालीही झाली. त्यासाठी वेगळा धागा काढा काका, इथे पन्नास प्रतिसाद त्यावरच पडतील.