आमच्या आंब्याच्या जुन्या वेबसाइटवर दुसराच कोणी पैसे घेतोय, काय करू?

बागायतदाराची लेक (देवगड):
आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. बाबांनी २०१३ साली बागेच्या नावाची .कॉम वेबसाइट करून घेतली होती. ज्याने करून दिली त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घेतलं होतं, हे आम्हाला आत्ता कळतंय. पुढे त्याने धंदा बंद केला. नूतनीकरणाचे मेल त्यालाच जात राहिले असणार.

काल दादरच्या एका आजोबांचा फोन आला, "पेट्या कधी पाठवताय?" त्यांनी वेबसाइटवरच्या क्यूआर कोडवर पैसे भरलेत. उघडून पाहिलं तर फोटो सगळे आमचे. आढीतला आंबा, झेला हातात घेतलेले बाबा, सगळं तेच. नंबर आणि क्यूआर तेवढे परके. ॲड्रेसच्या बाजूला कुलपाचं चिन्हसुद्धा आहे. हॅकिंग झालंय का? नाव परत मिळेल का? बाबा कालपासून जेवले नाहीत.

मालवणचो झील:
ताई, पयला आजोबांका १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनीर, फोन करूक सांगा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी तक्रार गेली तरच अडकतत. बाकी मागसून.

रत्नांग्रीकर:
वरचं आधी करा, मग हे वाचा. मी बरीच वर्षं डोमेन विकणाऱ्या एका कंपनीत गैरवापराच्या तक्रारी पाहायचो.

ताई, हे हॅकिंग नाही. कुणी काही फोडलेलं नाही, नाव मोकळं झालं आणि त्यांनी ते रीतसर पैसे भरून घेतलं. .कॉमची मुदत संपली की कंपनी जास्तीत जास्त ४५ दिवस वाट पाहू शकते. नंतर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कोणालाही खुलं. तो क्षण टिपायला प्रोग्राम लावून बसलेले लोक असतात. पुष्कळ कंपन्या तर नाव सुटूच देत नाहीत, मुदत संपली की परस्पर लिलावात काढतात. तुमच्या डोमेनची नोंद इंटरनेटवर शोधून पाहा. नोंदणीची तारीख २०१३ चीच दिसली तर लिलावात गेलं, अलीकडची दिसली तर सुटल्यावर उचललं.

फरक महत्त्वाचा आहे, कारण भामट्यांना जुनं नाव हवं असतं. काल जन्मलेल्या डोमेनवर घातक साइट अडवणारे फिल्टर पटकन संशय घेतात, म्हणून मोठे हल्लेखोर नावं घेऊन मुरवत ठेवतात. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीमार्फत झालेल्या, २०२० मध्ये उघड झालेल्या सायबर हल्ल्यातलं डोमेन २०१८ मध्येच नोंदवलेलं होतं. तुमच्या नावाला तर वयाबरोबर गिऱ्हाईकही आयतं मिळालं: जुन्या पेट्यांवर छापलेला पत्ता, कुणाच्या ब्लॉगवरचा दुवा. जुनी पानं इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, राहतात, फोटो बहुधा तिथून उचलले.

कुलपाचं म्हणाल तर त्यामागचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडे फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. मधे कोणी वाचत नाहीये एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय, ते नाही.

मला खरी धास्ती ईमेलची वाटते. त्या डोमेनवरचा तुमचा जुना पत्ता बँकेत, जीएसटीत, फेसबुक पेजवर कुठे दिलेला आहे का? नवा मालक त्या डोमेनवर येणारी सगळी मेल स्वतःकडे घेऊ शकतो. "पासवर्ड विसरलात?" दाबलं की दुवा त्याच्या हातात. आज रात्रीच सगळीकडे पत्ता बदला.

बागायतदाराची लेक:
जुना पत्ता जीएसटीला आहे! आणि नाव परत मिळवायचं कसं?

रत्नांग्रीकर:
नावाच्या मागे आत्ता लागू नका. .कॉमसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागता येते, पण एका पंचाची फीच १५०० डॉलर. शिवाय नावावर तुमचा व्यापारचिन्हाचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू, दोन्ही सिद्ध करायचं.

आधी साइट बंद पाडा. नोंदीत डोमेन कंपनीचा तक्रारीचा ईमेल असतो, त्यावर लिहा. "फसवणूक झाली" एवढंच लिहाल तर "कोर्टात जा" असं उत्तर येईल, मीच अशी उत्तरं जाताना पाहिलीत. "फिशिंग" (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं) हा शब्द घाला आणि दाखवा की आमचं नाव नि फोटो लावून पैसे घेतले जाताहेत. स्क्रीनशॉट, पूर्ण दुवा, तारीख-वेळ, क्यूआरमागचा यूपीआय आयडी जोडा. एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या, म्हणजे डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेच्या, करारानुसार फिशिंगचा पुरावा आला तर कंपनीला कारवाई करावीच लागते. तेच होस्टिंगवाल्याला (ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय त्याला) आणि घातक साइटवर इशारा दाखवणाऱ्या गूगल सेफ ब्राउझिंगला पाठवा.

बँकांना रिझर्व्ह बँकेने .बँक.इन हा वेगळा पत्ता दिलाय, तो इतर कुणाला मिळत नाही. आंबेवाल्यांना तसं कवच नाही, म्हणून फार वाईट वाटतं. नवीन डोमेन घ्याल ते बाबांच्या नावावर, घरच्या ईमेलवर, एकदम १० वर्षांचं घ्या. त्याहून जास्त मुदतीचं मिळत नाही.

बागायतदाराची लेक:
आजोबांनी १९३० ला कळवलं, तक्रार क्रमांक मिळाला. जुन्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सॅपवर मेसेज जातोय, बाबा स्वतः एकेकाला फोन लावताहेत. जीएसटीसाठी सकाळी सीएकडे जाते. डोमेन कंपनीला लिहिलेला मजकूर इथे टाकते, एकदा नजर घालाल का?