शब्दचर्चा : मायलोमाच्या रिपोर्टात 'खूण' की 'पातळी'?

मिरजकर
मल्टिपल मायलोमाच्या, म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या, रुग्णांसाठी चार पानी मराठी पत्रक करायचं आहे. 'बायोमार्कर'ला, म्हणजे आजाराचा माग देणाऱ्या घटकाला, 'जैवचिन्हक' लिहिलं की नातेवाईक तिथेच अडखळतात. 'रक्तातली खूण' चालेल का? आणि 'एम बँड'चं, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या एम प्रोटीनच्या रेघेचं, काय करायचं?

वाईकर
'जैवचिन्हक' कोशात शोभतो, पत्रकात नाही. पण 'खूण'ही मला पटत नाही. खूण एक तर असते, नाही तर नसते. निदान होईपर्यंत ते ठीक. उपचार सुरू झाल्यावर मात्र 'आहे का' यापेक्षा 'मागच्या वेळेपेक्षा किती' हे महत्त्वाचं, आणि ते 'खूण' सांगत नाही.

सांगलीकर
मग 'पातळी' घ्या. पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी आहे का, असं कुणी विचारत नाही. 'पातळी किती, चढ की उतार?' असंच विचारतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं.

एम प्रोटीनचंही तेच. उपचारात गाठलेल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून 25 टक्के वाढ हवी, शिवाय ती वाढ किमान 0.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर भरायला हवी, आणि पुन्हा तपासूनही तेच यायला हवं. 0.2 चं 0.3 झालं तर टक्क्यांत ती 50 ची उडी दिसते, पण नुसत्या तेवढ्यावर 'आजार उलटला' म्हणत नाहीत. उताराचंही माप आहे: निम्म्याने उतरलं तर अंशतः प्रतिसाद, 90 टक्क्यांनी उतरलं तर फार चांगला.

कराडकर
'एम बँड' तसाच ठेवा, रिपोर्टात तोच छापलेला असतो. सोबत 'रेघ' आणि 'सुळका' द्या. इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेच्या प्रवाहाने रक्तातली प्रथिनं वेगळी करणाऱ्या तपासणीच्या) जेलवर अल्ब्युमिन, अल्फा 1, अल्फा 2, बीटा आणि गॅमा असे भाग पडतात. निरोगी माणसात गॅमाचा रंग पसरट, पुसट असतो, कारण तिथे नाना तऱ्हेची प्रतिपिंडं असतात. मायलोमात एकाच पेशीकुळातून एकाच साच्याचं प्रथिन येतं आणि सगळं एका जागी गोळा होतं: जेलवर दाट, ठसठशीत काठांची रेघ, आलेखावर टेकाडाच्या जागी सुळका.

एक मात्र कटाक्षाने पाळा. सीरम आणि प्लाझ्मा, दोन्हींना 'रक्तद्रव' लिहू नका. या तपासणीला सीरमच लागतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त गोठत नाही, त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन राहतं आणि बीटा-गॅमाच्या मध्ये खोटी रेघ उमटते. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, मगच यंत्रात फिरवायचं. हेपरिन हे रक्त न गोठू देणारं औषध चालू असेल तर ते नीट गोठत नाही आणि तीच चूक होते. 'गोठवून घेतलेलं' असंही लिहू नका. लोक फ्रीझर समजतील. 'गोठू दिलेल्या रक्तावरचं पाणी' म्हटलं की कळतं.

मिरजकर
'फ्री लाइट चेन'? एका मसुद्यात 'मुक्त हलकी शृंखला' आलं आहे.

सांगलीकर
'सुटी साखळी'. प्रतिपिंडात जोडली न जाता सुटी राहिलेली, एवढाच 'फ्री'चा अर्थ. तिचे दोन प्रकार: काप्पा आणि लॅम्डा. बऱ्याच प्रयोगशाळांत काप्पा 3.3 ते 19.4 आणि लॅम्डा 5.7 ते 26.3 मिलिग्रॅम प्रति लिटर धरतात, काप्पा भागिले लॅम्डा हे गुणोत्तर 0.26 ते 1.65. काही रिपोर्ट डेसिलिटरमध्ये असतात, तिथे आकडा दहापट लहान दिसतो आणि घरचे उगाच सुटकेचा श्वास टाकतात. किटही वेगवेगळे, म्हणून दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासा हे ठळक छापा.

किडनी अधू असेल तर दोन्ही साखळ्या वाढतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: फुगवटा. वर पाऊस वाढलेला नसतो, पुढे निचरा अडलेला असतो. म्हणून एकटा काप्पा न बघता गुणोत्तर बघायचं. अशा रुग्णात ते 3.1 पर्यंतही चालवून घेतात. आजाराचा टप्पा ठरवायला मोजतात त्या बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन प्रथिनालाही हाच फुगवटा येतो.

ओसरण्याचा वेगही लिहा. सुट्या साखळ्या रक्तात काही तासच टिकतात. आयजीजी जातीचं अख्खं प्रतिपिंड निम्मं व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. औषध लागू पडलं तरी सुळका मागाहून उतरतो. त्याने धीर सोडण्याचं कारण नाही.

वाईकर
'नॉट डिटेक्टेड'चं भाषांतर 'नाही' करू नका, 'आढळला नाही' करा. पूर्ण प्रतिसाद म्हणायला रक्त आणि लघवी दोन्हींचं इम्युनोफिक्सेशन (रेघ कोणत्या प्रतिपिंडाची ते ओळखणारी तपासणी) निगेटिव्ह हवं, शिवाय अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी 5 टक्क्यांखाली. तेव्हाही शब्द 'आटोक्यात' हवा, 'बरा' नव्हे.

कराडकर
उलट बाजूही आहे. डाराट्युमुमॅब हे मायलोमावरचं औषध स्वतःच आयजीजी काप्पा जातीचं प्रतिपिंड आहे. इम्युनोफिक्सेशनवर त्याचीच पुसट रेघ दिसू शकते आणि आजार उरलाय असं वाटतं. पत्रकात 'औषधाची रेघ' असा वेगळा शब्द घाला, आणि नमुना देताना चिठ्ठीवर औषधाचं नाव व शेवटच्या डोसची तारीख लिहायला सांगा. तारीख नसली तर रेघ कुणाची, हे प्रयोगशाळेला कळायला मार्ग नसतो.