गावात कचऱ्यासाठी जागेवरच दंड : तुमचे अनुभव लिहा

धागा सुरू करणारी, ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

आमच्या ग्रामसभेत २ ऑक्टोबरला ठराव झाला. नालीत, रस्त्यावर किंवा शाळेच्या भिंतीलगत कचरा टाकताना जो सापडेल, त्याच्याकडून जागेवरच दंड घ्यायचा. हात सगळ्यांनी वर केले, पण वसुलीला कोण उभं राहणार म्हटलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. तालुक्याच्या गावी हे जमतं. नगरपरिषदांसाठी शासनाने २०१८ मध्येच दर ठरवून दिले आहेत : रस्त्यावर घाण केली तर १५० रुपये, थुंकलं तर १००, उघड्यावर शौचास बसलं तर ५००. तिथं दंड घेणारा आणि देणारा सहसा एकमेकांना ओळखत नाहीत. इथं ज्याची पावती फाडायची तो कुणाचा तरी चुलतसासरा असतो, नाहीतर आपल्याच वावरात निंदणाला येणारी बाई.

तरी मला दंड हवा आहे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पन्न्यांनी नाली तुंबते आणि पाणी शिरतं ते खालच्या अंगाच्या घरांत. टाकणारे राहतात वरच्या अंगाला. ज्यांनी दंड घेतला, भरला किंवा जवळून पाहिला, त्यांनी काय घडलं ते लिहा.

भाजीवालीची मुलगी, वाशीम जिल्हा

ताई, माझी आई आठवडी बाजारात सांभार (कोथिंबीर), मेथी, फूलगोबी घेऊन बसते. बैठकीचे पैसे सकाळीच वसूल होतात आणि त्याची चिठ्ठी मिळते. एका बाजाराला दुपारी दोघं आले. गोबीचा पाला मागं पडला होता, त्याचे दीडशे मागितले. आई म्हणाली, "टाकू कुठं दादा? जागा दाखवा, आत्ता उचलते." अख्ख्या बाजारात एक डबा नव्हता. मी पावती मागितली तर म्हणे पुस्तक ऑफिसात आहे. मी म्हटलं, पुस्तक आणा, पैसे काढून ठेवते. ते गेले ते परत आलेच नाहीत.

पुढच्या बाजाराला सगळ्या बायांनी मिळून अर्ज दिला : दंड घ्या, पण आधी पाला टाकायची जागा द्या. आता बाजाराच्या टोकाला ट्रॉली उभी असते. खरं सांगायचं तर पाला ट्रॉलीपर्यंतही जात नाही, ढोरंवाले संध्याकाळी पोती घेऊन येतात आणि भरून नेतात. दीडशे रुपये म्हणजे आईची अर्ध्या दिवसाची कमाई. डबा न ठेवता ते मागणं अन्यायच आहे, हे तुमच्या ठरावात स्पष्ट लिहा.

निवृत्त ग्रामसेवक, बुलडाणा जिल्हा

हागणदारीमुक्तीच्या काळात मी गुड मॉर्निंग पथकात होतो. पहाटे गावाबाहेर उभं राहायचं आणि टमरेल घेऊन येणाऱ्याला अडवायचं. मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ११५ आणि ११७ खाली १२०० रुपयांपर्यंत दंड सांगायचो. पुरुष हुज्जत घालायचे. बाया तोंडावर पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि मला मान वर करवत नसे. ज्या घरी संडास बांधलेला असून वापरत नव्हते, तिथं दंडाचा धाक उपयोगी पडला. ज्यांच्याकडे बांधायला जागाच नव्हती, ते फक्त आणखी लवकर, अंधारात जाऊ लागले. साप-विंचवाच्या वाटेने.

आता कामाचं. घनकचऱ्याचे २०१६ चे नियम मुख्यतः शहरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते. त्यांत जागेवर दंडाची तरतूद होती, पण नुसत्या तशा तरतुदीच्या भरवशावर गावात पावती फाडू नका. तुमच्या ठरावात रक्कम, वसूल करणाऱ्याचं पद आणि पैसा कुठं जमा होणार हे तिन्ही असू द्या, आणि पंचायत समितीकडून तपासून घ्या. पावती ग्रामपंचायतीच्या नमुना ७ ची, म्हणजे सामान्य पावती. रक्कम त्याच दिवशी ग्रामनिधीत. वहीच्या कागदावर सही करून दिलेली चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे, तिथूनच भांडणं सुरू होतात.

पानठेलेवाला, चंद्रपूर जिल्हा

आमच्या इकडं निम्मा कचरा म्हणजे खर्ऱ्याची पन्नी. सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा, पन्नीत घालून पीळ द्यायचा. गिऱ्हाईक ती खिशात ठेवतं, दिवसभर थोडा थोडा खातं आणि संपली की जिथं असेल तिथं टाकतं. बोटभर पन्नी, दिसतही नाही. पण नालीच्या जाळीला अशा शंभर बसल्या की पाणी अडलंच समजा.

ग्रामपंचायतीनं ठरवलं की ठेल्यासमोर पन्नी दिसली तर दंड ठेलेवाल्याला. मी भांडलो. टाकणारा दुसरा आणि भरणारा मी, हे कसं? सरपंचबाई म्हणाल्या, "भाऊ, विकता तुम्ही, तर परत घेण्याची सोयही तुम्हीच करा." मग तेलाचा पिपा कापून टांगला. जुनी पन्नी पिप्यात टाकल्याशिवाय नवा खर्रा घोटत नाही. पहिले काही दिवस गिऱ्हाईक दुसऱ्या ठेल्यावर गेलं. तिथंही पिपा लागला तेव्हा परत आलं. प्लॅस्टिकबंदीमुळं पन्नीच्या पहिल्याच गुन्ह्याला ५००० रुपये दंड आहे हे माहीत आहे, म्हणून कागदात देऊन पाहिलं. चुन्यानं कागद ओला होतो, कुणी घेत नाही. थुंकण्यावर मात्र कुणाचीच पावती फाटलेली पाहिली नाही, आणि शाळेची भिंत लालच आहे.

शिक्षक, अंजनगाव सुर्जी तालुका, अमरावती जिल्हा

गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्याच तालुक्यातलं, म्हणून इथं झाडूला मान आहे. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपामागे उष्ट्या पत्रावळ्या, पाण्याचे ग्लास आणि त्यांत तोंड घालणारी जनावरं हे चित्र इथंही होतं. वरबापाला दंड मागणं कुणाच्याच जिभेवर येईना. वऱ्हाडी निघून जातात, घरात पूजा सुरू असते. शेवटी मंडप देतानाच अनामत घ्यायला लागले. मागची जागा साफ दिसली की पूर्ण परत. तेव्हापासून केटरर ठरवतानाच "आवरून देणार का?" हे विचारलं जातं. पहिली अनामत कापली गेली ती एका सदस्याच्याच घरच्या लग्नात. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

धागा सुरू करणारी

सर, अनामतीचं आमच्याकडं नक्की जमेल. पानठेलेवाले भाऊ, पिप्यातल्या पन्न्या पुढं कुठं जातात?

पानठेलेवाला

पोत्यात भरून ठेवतो ताई. ग्रामपंचायतीची गाडी आठवड्याला नेते, पावसाळ्यात रस्ता खचला की पोती वाढत जातात. तुमच्याकडं गोळा झालेला कचरा गावाबाहेर पेटवत असतील तर तेही बंद करा. धूर वस्तीतच येतो.

धागा सुरू करणारी

पेटवतात. ठरावात त्याबद्दल एक ओळही नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घालून घेते, पावतीपुस्तकाच्या मुद्द्यासोबत.