बँकॉकला जातेय, चेहऱ्याची ट्रीटमेंट करून घेऊ का? लवकर सांगा

हळदीची_पेठ (सांगली)
१८ तारखेला निघतोय. पाच रात्री बँकॉक-पटाया, ग्रुप टूर आहे. मधला एक दिवस मोकळा आहे. ग्रुपमधली एक जण मागच्या वर्षी तिकडून करून आली, चेहरा कसला चकाकतोय तिचा. बोटॉक्स, हायफू, फिलर, ग्लुटाथायोनची सलाईन, यांतलं काय घेऊ? सर्जरी नको. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा, "आहात तशाच छान दिसता" असले सल्ले नकोत. पॅकेजचे पैसे आज संध्याकाळपर्यंत भरले तर सवलत आहे.

कोयनेचं_पाणी
तक्रार काय आहे ताई? सुरकुत्या, ओघळलेली कातडी, की डाग? बोटॉक्स सुरकुत्यांना, हायफू ओघळलेल्या कातडीला, फिलर खळगे भरायला, ग्लुटाथायोन रंगाला; चार वेगळ्या दुखण्यांची औषधं एका ओळीत लिहिलीत तुम्ही. आणि वय?

हळदीची_पेठ
चेहरा थकल्यासारखा दिसतो. वय कशाला पाहिजे, लग्न जमवायचंय का?

गंगनम_रिटर्न
बँकॉक सोडा, सोलला जा. मी दोनदा गेलेय. तिथे एकाच रस्त्यावर शंभर क्लिनिकं, दर बाहेर पाटीवर लिहिलेले.

कोयनेचं_पाणी
त्यांचं तिकीट बँकॉकचं आहे हो.

टक्कल_पुराण
मी इस्तंबूलला केस लावून आलो. तीन दिवस हॉटेल, गाडी, सगळं त्यांचंच. पहिले काही आठवडे लावलेले केस गळतात, तेव्हा घाबरायचं नाही, पुन्हा येतात. फोटो हवे असतील तर सांगा.

नकट्या_राजाची_राणी
टक्कलभाऊ, त्या चेहऱ्याचं विचारताहेत.
माझा अनुभव सांगते, दुबईचा. कपाळावर बोटॉक्स घेतलं, पाचव्या दिवशी डावी पापणी खाली आली. नणंद म्हणाली, "वहिनी, डोळा कुणाला मारताय?" सहा आठवडे तसाच काढला. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या कंपनीचं, किती युनिट, कुठे टोचलं? माझ्याकडच्या बिलावर नुसतं "फेस पॅकेज" लिहिलेलं. तेव्हा काहीही करा, पण औषधाचं नाव, बॅच नंबर आणि युनिट कागदावर लिहून आणा.

आयर्विनचा_कठडा
हे बरोबर. शिवाय एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सची २० युनिटं लागतात, डिस्पोर्टची ५०. "आमच्याकडे ५० युनिट एवढ्यात" ही जाहिरात वाचून भुलू नका. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. थायलंडमध्ये प्रत्येक क्लिनिकला ११ आकडी परवाना क्रमांक असतो, तो दर्शनी लावलेला असतो. तोही बघा, डॉक्टरचं नावही विचारा. टोचणारी बाई पांढऱ्या कोटात आहे म्हणून डॉक्टर होत नाही.

सायीचा_डबा
आमच्या सांगलीची हळद जगात जाते आणि आम्ही बँकॉकला! दुधावरची साय, चिमूटभर हळद, महिनाभर. आमच्या आजीचा चेहरा ऐंशीव्या वर्षी...

आयर्विनचा_कठडा
आजीचा चेहरा हळदीनं नाही, पदर डोक्यावर घेतल्यानं टिकला. ऊन लागलंच नाही तिला.

सायीचा_डबा
तुम्ही ओळखत होता काय आमच्या आजीला?

मिरज_जंक्शन
शेजारी मिरज आहे, दवाखान्यांचं गाव. अख्ख्या कर्नाटकातनं पेशंट येतात इथं, आणि सांगलीकर विमानात बसतात. धन्य.

पासपोर्टवाला
थायलंडसाठी डिजिटल अरायव्हल कार्ड भरलंत का? १ मे २०२५ पासून लागतं. पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे. एजंट त्याचे पैसे लावत असेल तर देऊ नका.

हळदीची_पेठ
अहो विषय कुठे चाललाय! बोटॉक्स की हायफू एवढंच सांगा. २४ ला परत येतोय आणि २६ ला पुतणीचं लग्न आहे, तेव्हा लगेच दिसलं पाहिजे.

त्वचेशी_गाठ
लग्नाचं आधी सांगायचं नाही का? मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, तेवढं धरून वाचा.
बोटॉक्स ३ ते ५ दिवसांनी लागायला सुरुवात होते, पूर्ण दिसायला दोन आठवडे. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंडची उष्णता कातडीखाली देतात, तिचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी. फिलर त्याच दिवशी दिसतो, पण सूज आणि काळंनिळंही त्याच दिवशी, ते लग्नाच्या फोटोत येईल. शिवाय फिलर रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरते, क्वचित नजरही जाते. हायलुरोनिक ॲसिडचा असेल तर तो विरघळवायचं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं, ते क्लिनिकमध्ये हाताशी हवं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पटायाच्या बसमध्ये असणार. रंग उजळायच्या ग्लुटाथायोन सलाईनबद्दल अमेरिका आणि फिलिपिन्स, दोन्हीकडच्या एफडीएनं, म्हणजे औषध नियंत्रण खात्यानं, इशारे दिलेत, ती घेऊच नका.
आता सांगा, थकलेला म्हणजे नेमका कसा? आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत?

हळदीची_पेठ
बीपीची आणि रक्त पातळ करायची इकोस्प्रिन. गालांवर दोन्ही बाजूंना तपकिरी डाग आहेत, वांग म्हणतात तसे. सुरकुत्या तशा नाहीत. ते झाकायला पावडर लावते म्हणून चेहरा थकलेला दिसतो.

कोयनेचं_पाणी
म्हणजे बोटॉक्सचा प्रश्नच नव्हता!! चाळीस प्रतिसाद झाले असते अजून.

गंगनम_रिटर्न
इकोस्प्रिन आठ दिवस बंद करा, काळंनिळं होत नाही. मला तिथं असंच सांगितलेलं.

त्वचेशी_गाठ
कृपा करून असं लिहू नका. इकोस्प्रिन हृदयासाठी दिलेली असू शकते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवायची नाही.
वांगावर बोटॉक्स, फिलर, हायफू यांतलं काहीही चालत नाही. क्लिनिकवाले लेझर किंवा पील (ॲसिड लावून वरची कातडी सोलणं) सुचवतील. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लेझर चुकला तर डाग आणखी गडद होतो, आणि तुम्ही त्यानंतर पटायाजवळच्या कोरल आयलंडच्या बोटीत भर उन्हात बसणार. ऊन आणि उष्णता दोन्हींनी वांग भडकतो. वांगाला काय लावताय सध्या?

हळदीची_पेठ
मेडिकलमधून ट्यूब आणते. वर्ष झालं. आधी छान गोरं झालं होतं, आता लावली नाही की आग होते आणि लाल होतं.

नकट्या_राजाची_राणी
अगंबाई. माझ्या जावेचंही हेच झालं.

त्वचेशी_गाठ
त्यात बहुतेक स्टेरॉइड आहे. असली मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतात. वर्षभर लावून कातडी पातळ झालेली असणार, तिच्यावर पील लावला तर भाजेल. ट्यूब आपल्या मनानं एकदम बंदही करू नका, चेहरा पेटतो. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, १८ च्या आधी. सहलीला टोपी, छत्री आणि रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं, साध्या पांढऱ्या सनस्क्रीनला ते जमत नाही.

मिरज_जंक्शन
मी काय म्हणत होतो!

पासपोर्टवाला
छत्री केबिन बॅगेत चालते.

हळदीची_पेठ
पण पैसे दुपारीच भरले मी. परत मिळतील का?

कोयनेचं_पाणी
कसले? टूरचे की क्लिनिकचे?

टक्कल_पुराण
रोख भरले होते की कार्डावर? इस्तंबूलला माझं असंच झालेलं, सांगतो.