मांडे पुस्तकातून येतात का?

शहापूरकर
काल इथं एकानं लिहिलं: "खाण्यावरची पुस्तकं म्हणजे भरल्या पोटाचं वाचन. मांडे कधी पुस्तकातून आलेत का? त्या जुन्या ग्रंथांतला एक तरी पदार्थ आज चुलीवर चढतो का?" दोन ओळींत भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

चढतो. मानसोल्लास हा ग्रंथ उघडा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, १२ वं शतक. ५ विंशती, प्रत्येकीत २० अध्याय, त्यातलाच खाण्यावरचा एक, अन्नभोग. तिथं मंडक, म्हणजे मांडा, आहे. गहू धुवायचे, वाळवायचे, दळायचे, पीठ चाळायचं, त्यात तूप आणि किंचित मीठ, मळून गोळे, गोळा हातावर वाढवायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा. आपल्याकडं लग्नाच्या रुखवतासाठी मांडे करणाऱ्या बायकांचे हात बघा आणि मग सांगा की हे वाचन बिनकामाचं आहे.

निपाणीकर
ते मीच लिहिलं होतं आणि मागं घेत नाही. तुम्ही सांगितलेल्या कृतीत पीठ किती सैल, किती वेळ मुरवायचं, खापर किती तापवायचं, यातलं काय आहे? काहीच नाही. ज्याला मांडे येतात त्यालाच तो श्लोक कळतो. ज्याला येत नाहीत त्यानं तो वाचून पीठ मळलं तर पहिलाच मांडा हातावर फाटणार, कारण पीठ पुरणपोळीच्या कणकेपेक्षा सैल लागतं आणि दोन तास तरी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावं लागतं. मुरलं नाही की ताणताना आखडतं, आणि जबरदस्ती केली की मध्ये भोक. हे कुठल्या ग्रंथात आहे सांगा.

खानापूरवाली
भोक पडायचं खरं कारण सारणातली साखर आहे की हो निपाणीकर अण्णा! पिठीसाखर चाळणीनं चाळून भागत नाही, कापडछान लागते. एक कण राहिला तरी ताणताना तोच पापुद्रा चिरतो, आणि चिरेतून साखर खापरावर पडली की जळून काळा डाग. मग पुढचे दोन-तीन मांडे त्या डागाला चिकटतात. ओल्या फडक्यानं खापर पुसून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आणि खापर ते खापरच. आजकाल लोखंडी कढई उपडी घालतात. तिचा मधला भाग आधी तापतो आणि कडा थंड राहतात, मग मांडा मध्ये करपतो आणि कडेला कच्चा. मातीचं खापर सावकाश तापतं आणि सगळीकडं सारखं. नवं असेल तर पहिल्या दिवशी मंद आचेवरच तापवायचं, नाहीतर तडकतं. मुक्ताबाईला कुंभारानं खापर दिलं नाही म्हणून मांडे ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजावे लागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत कढई चालली असती का?

अनगोळचा वाचक
विषय पुस्तकांचा होता. मांड्यांवर वेगळा धागा काढा.

माझं म्हणणं सरळ आहे. इतिहास वाचायचा तर वाचा, पण खाण्याचं नेमकं ज्ञान रहस्यकथांत जास्त भेटतं, कारण तिथं चूक झाली तर गोष्टच कोसळते. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात औषधालयात काम करायच्या. त्यांच्या १९५३ च्या एका कादंबरीत विष मार्मालेडमधून जातं. का? विष कडू, आणि मार्मालेड म्हणजे कडू संत्र्यांचा मुरांबा. लिंबाच्या गोड लोणच्यात घातलं असतं तर पहिल्याच घासाला कळलं असतं. ही निवड स्वयंपाक कळणाऱ्याचीच.

टिळकवाडी
सगळ्याच रहस्यकथाकारांना स्वयंपाक कळतो असं नाही. रोआल्ड डाल यांची ती गोष्ट घ्या. बायको नवऱ्याला गोठलेल्या मटणाच्या तंगडीनं मारते, तीच तंगडी भट्टीत भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांना वाढते. दगडासारखं गोठलेलं मांस थेट भट्टीत? वरून लाल होईल आणि हाडाजवळ बर्फ राहील.

अनगोळचा वाचक
वेळ मोजा. नवरा पाचच्या सुमाराला घरी येतो, पोलीस जेवायला बसतात नऊच्या सुमाराला. म्हणजे भट्टीत तीन तास. वितळवलेल्या तंगडीला अर्ध्या किलोमागं साधारण २५ मिनिटं धरली तर अडीच किलोला दोन तास. गोठलेल्याला दीडपट, म्हणजे तीन. बसतं की नाही? बरोबर बसतं.

टिळकवाडी
दीडपटीचा हिशोब मान्य. पण गोष्टीत भट्टी कडक तापवलेली आहे, त्या आचेला वरचा थर कोरडा पडणारच. तेवढं मी सोडणार नाही.

चिकोडीकर
तुम्ही इंग्लंडच्या भट्टीचा मिनिटामिनिटाचा हिशोब करताय आणि आपल्या पुस्तकांत 'शेर' म्हणजे किती हे कुणी विचारत नाही! जुन्या पाकपुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत 'अर्धा शेर साखर' तशीच छापलेली असते. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा शेर जेमतेम ३१७ ग्रॅमचा. तिपटीचा फरक! बेसनाचे लाडू एका हिशोबानं जमतील आणि दुसऱ्यानं पाक होऊन बसतील. एक तळटीप घालायला प्रकाशकाला काय जातं? १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त वाटी-चमचा आणला म्हणून निदान प्रमाण तरी टिकलं. वाटी लहान असो वा मोठी, सगळं तिनंच मोजलं की झालं.

खानापूरवाली
मिठाला आणि मिरचीला ते लागू होत नाही ना! '१० लाल मिरच्या' लिहितात. ब्याडगी घातल्या तर रंग येईल आणि तिखट जेमतेम. संकेश्वरी घातल्या तर ताटावरून उठायची वेळ. आपल्या भागात दोन्ही एकाच दुकानात शेजारी-शेजारी पोत्यांत असतात.

निपाणीकर
मिरचीवरून आठवलं, शहापूरकर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या एकाही ग्रंथात मिरची नाही, ती पोर्तुगीजांनी आणली. मग तिखट कशाचं? मिरं, आलं. आणि तुमच्या मानसोल्लासातली इडरिका बघा, जिला लोक जुनी इडली म्हणतात, ती नुसत्या उडदाची. आजच्या इडलीत उडदाच्या तिप्पट-चौपट तांदूळ असतो, आणि पीठ आंबवल्यानं जाळी पडते. नुसता उडीद उकडला तर घट्ट, चिकट गोळा. नाव जुळलं म्हणून पदार्थ जुळत नाही.

शहापूरकर
इडलीचं बरोबर. पण तांदूळ नव्हता हे तुम्हाला कळलं कशावरून? ग्रंथ वाचूनच ना!

हुक्केरी
मानसोल्लास कल्याणीचा, कल्याणी आज बीदर जिल्ह्यात. मंगरस कवीचं १५०८ चं सूपशास्त्र, म्हणजे पाकशास्त्राचं पुस्तक, कन्नडमध्ये, षट्पदी या सहा ओळींच्या छंदात. हे सगळं कर्नाटकाचं आहे, इथं 'आपलं' कुणाचं ते आधी ठरवा.

शहापूरकर
मानसोल्लास संस्कृतात आहे. त्याच मानसोल्लासात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंदही आहे. सूपशास्त्र मराठीत यायला हवं असं मी कधीपासून म्हणतोय, कारण बाजरी-जोंधळ्याच्या पट्ट्यातलं खाणं भाषा बघून बदलत नाही. हा वाद इथं नको.

हुक्केरी
भाषांतराचं बोललात म्हणून गप्प बसतो.

निपाणीकर
माझं एवढंच: जुना ग्रंथ वाचायचा तर हाताशी पीठ घेऊन वाचा. नुसतं वाचून 'आमच्याकडं ९०० वर्षांपूर्वी मांडे होते' म्हणणाऱ्यांचा मला राग आहे. आणि खानापूरवाली, कापडछान साखरेचं तुमचं खरं. मी चाळणीवर भागवत होतो.

खानापूरवाली
सारणात खवा घालता का?

निपाणीकर
घालतो. साखर, खवा, तूप, वेलदोडा.

खानापूरवाली
मग ते मांडे चार दिवसांत मऊ पडत असणार. खव्याचा ओलावा पापुद्र्यात उतरतो. नुसत्या साखरेचे कोरड्या डब्यात पंधरा दिवस कुरकुरीत राहतात. आणि घडी खापरावरून उतरवल्या-उतरवल्या घालायची, निवल्यावर नाही. निवला की मोडतो.

निपाणीकर
घडीचं मान्य. खव्याचं नाही.